गट-गणाचे नकाशे आणि हरकतीचा अर्ज: तहसीलजवळचं झेरॉक्सचं दुकान, ५ पैकी ४ स्टार

तहसीलच्या आसपास झेरॉक्सवाले पुष्कळ आहेत पण मोठा प्लॉटर ह्या एकाकडेच बघितला. अख्ख्या गुहागर तालुक्याचा नकाशा एका कागदावर निघतो, बाकीचे ए-फोरचे तुकडे काढून देतात आणि सेलोटेप आपण मारत बसायचं, त्यात नेमकी आपली वाडी जोडावर येते.

जुलै २०२५ ला जिल्हा परिषदेच्या गटांची आणि पंचायत समितीच्या गणांची (म्हणजे त्यांच्या मतदारसंघांची) प्रारूप रचना लागली तेव्हा गेलो होतो. आमचं गाव ज्या गणात टाकलं त्यातली बरीच गावं खाडीच्या पलीकडची. नकाशावर बघाल तर चिकटूनच आहेत, पण रस्त्याने जायचं तर सडा (कातळाचं पठार) चढून वळसा घालून पूल गाठायचा, पावसात एसटी येईल तेव्हा खरी. पंचायत समितीचा सदस्य तिकडचा निवडून आला की आमच्याकडे डायरेक्ट पुढच्या इलेक्शनला उगवणार. म्हणून हरकत घ्यायची होती आणि मुदत जेमतेम आठवड्याची.

काउंटरवर मालक स्वतः बसतात, सगळे काकाच म्हणतात. मी आपला मजकूर घरून लिहून नेलेला, "आमच्या गावावर घोर अन्याय झाला असून" वगैरे वगैरे. काकांनी वाचला, पेन्सिलने त्या ओळीवर काट मारली आणि म्हणाले, "अन्याय सगळ्यांवरच झालाय रे, त्याला कोण विचारत नाय. खाडी कुठं, पूल कुठं, लोकसंख्या किती, ते लिव." काउंटरच्या काचेखाली गट-गण रचनेच्या सूचनांचं पान ठेवलंय, हायलायटर मारून: रचना उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेला संपवायची, नद्या, नाले, रेल्वे, मोठे रस्ते हद्द म्हणून बघायचे, लोकसंख्या सरासरीपेक्षा १० टक्के वर-खाली चालते, आणि आकडे २०११ च्या जनगणनेचेच धरायचे. ह्यातल्या कुठल्या मुद्द्यावर बोट ठेवताय तेवढं अर्जात पाहिजे, बाकी सगळं भाषण. नकाशावर खाडी निळ्या स्केचपेनने गडद केली, पुलावर लाल गोल, अर्जाच्या जादा प्रती, आणि वर ताकीद की पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाय.

आता ह्या दुकानाची खरी खासियत. त्या आठवड्यात तिथे सगळे पक्ष एकाच बाकड्यावर. धनुष्यबाणवाला, मशालवाला, कमळवाला, सगळे म्हणणार आम्ही फक्त ग्रामस्थांच्या वतीने आलोय, आणि प्रत्येकाच्या पिशवीत गावागावच्या नावाने टाईप केलेला तोच अर्ज, फक्त गावाचं नाव बदललेलं. खाडीपूल कोणाला पडलेला नाही, आपली हक्काची मतं एका गटात कोंबली गेली का दोन गटात फोडली गेली एवढाच हिशेब. एकजण तर सरळ विचारत होता की काल त्यांनी कुठल्या गावाचा नकाशा काढून नेला. काकांनी काही न बोलता मॉनिटर भिंतीकडे फिरवला आणि त्याच्या पुढ्यात रेटकार्ड ठेवलं. रेट सगळ्यांना सारखाच, उधारी कोणालाच नाही, पदाधिकाऱ्यालाही नाही.

भिंतीवर विधानसभेचे दोन नकाशे शेजारी शेजारी लावलेत ते जरूर बघा, प्रिंट निघेपर्यंत वेळ मस्त जातो. पहिल्यात रत्नागिरी जिल्ह्याचे सात मतदारसंघ, दुसऱ्यात २००८ च्या परिसीमनानंतरचे (मतदारसंघांच्या फेररचनेनंतरचे) पाच, खेड आणि संगमेश्वर गायब. चाकरमानी मुंबई-ठाण्यात मोजला गेला, जागा पण तिकडेच गेल्या, ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर गेला आणि राज्याच्या एकूण जागा २८८ च्या २८८. खेड फुटलं, काही भाग दापोलीत, काही गुहागरात. मग खेडचे शिवसेनेचे आमदार रामदास कदम, तेव्हाचे विरोधी पक्षनेते, २००९ ला गुहागरात उतरले, युतीत जागा होती भाजपची, म्हणून भाजपचे विनय नातू बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले आणि दोघांच्या भांडणात राष्ट्रवादीचे भास्कर जाधव निवडून आले ते २०२४ पर्यंत प्रत्येक वेळी, मधे पक्ष बदलला तरी. त्याच रचनेत गुहागर-दापोली लोकसभेला रायगडला जोडलं, म्हणजे कलेक्टर रत्नागिरीचा आणि खासदार रायगडचा. बाकड्यावर ह्या विषयाला तोंड फुटलं की तुमची प्रिंट विसरली जाते हे लक्षात ठेवा. त्या परिसीमनाला कोर्टात सहसा आव्हान देता येत नाही, परिसीमन आयोगावर आमदार-खासदार असतात पण त्यांना मताचा अधिकार नसतो, हे काकांनी मशालवाल्याला समजावलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. (अमेरिकेत बऱ्याच राज्यांत आमदारच नकाशे काढतात, २०२५ ला टेक्सासने आपल्या पक्षासाठी काढले, लगेच कॅलिफोर्नियाने उलट काढले. आपल्याकडे असं असतं तर काकांना दुसरा प्लॉटर घ्यावा लागला असता.)

एक स्टार का कापला तर शाई. पावसात आमचा नकाशा बाईकवरून आणताना खाडी पसरून अर्ध्या गणात गेली, लॅमिनेशन मोठ्या साईजमध्ये होत नाही, प्लास्टिकची नळी मागितली तर वेगळे पैसे. शिवाय शेवटच्या दोन दिवसांत नंबर लागत नाही, आतल्या पोराला गट आणि गण ह्यातला फरक कळत नाही, मला आधी भलत्याच गटाचा नकाशा दिला. कच्चं काम करायला मात्र काका २०२२ च्या रद्द झालेल्या रचनेचे नकाशे फुकट देतात, पाठकोरे. आघाडी सरकारने प्रत्येक झेडपीच्या जागा कमीत कमी ५५, जास्तीत जास्त ८५ केल्या, त्यावर सगळी रचना झाली, मग नवीन सरकारने ऑगस्टमध्ये परत कमीत कमी ५०, जास्तीत जास्त ७५ केल्या, आणि छापलेला गठ्ठा ह्यांच्या माळ्यावर.

आमची हरकत फेटाळली गेली. गाव काढलं तर गणाची लोकसंख्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली जाते असं कारण आलं, लेखी. अर्ज नीट होता म्हणून कारण तरी मिळालं, शेजारच्या गावाने "घोर अन्याय" लिहिलेलं, त्यांना एका ओळीत वाटेला लावलं.

जाताना पीडीएफ पेनड्राईव्हवर न्या, व्हॉट्सॲपवर पाठवलेला नकाशा फाटतो. जीपे चालतं, दुपारी दीड ते तीन शटर अर्धं खाली असतं पण हाक मारली तर उघडतात.