टेबल सॉची रेल वाढवली: पावसाळा ते दिवाळी, वापरानंतरचा अनुभव

मॉड्युलर किचनमधल्या खालच्या कपाटाची बाजू बहुधा 720 मिमी उंच असते, आणि माझ्या 10 इंची टेबल सॉची (टेबलातून ब्लेड वर येणारी विजेची करवत) फेन्स, म्हणजे प्लाय टेकवून पुढे सरकवायचा सरळ आधार, ब्लेडपासून 635 मिमीच्या पुढे जात नव्हती. ऐरोलीच्या घरचं किचन स्वतः करायला घेतलं, तेव्हा या 85 मिमीपायी नवं मशीन घेण्यापेक्षा आहे त्याचीच रेल, म्हणजे फेन्स ज्यावर सरकते तो दांडा, वाढवली. पावसाळ्याआधीचं हे काम, आता दिवाळीही उलटली. मशीन बहुतेक शनिवार-रविवारी चालतं.

आधी तुमची फेन्स कशी सरकते ते बघा. रेलवर खटका दाबून आवळायची असेल तर लांब रेल टाकता येते. नॉब फिरवून दातेरी पट्टीवर सरकणारी असेल तर हा नाद सोडा, ते घरी जमणं कठीण. माझी पहिल्या प्रकारची. रबाळे एमआयडीसीत जाड ॲल्युमिनियमचा चौकोनी सेक्शन कापून घेतला आणि बोल्टची भोकं मुद्दाम लांबट ठेवली, म्हणजे आवळण्याआधी रेल सूतभर इकडेतिकडे करता येते. सरळ म्हणून मिळालेला पहिला सेक्शन मध्ये चांगलाच वाकलेला निघाला. घेताना दोन सेक्शन एकमेकांना टेकवून उजेडासमोर धरा, फट लगेच दिसते.

उजवीकडच्या वाढीव टेबलाला 18 मिमी प्लाय आणि दोन्ही बाजूंनी सनमाइका. एकाच बाजूने लावली की दमट हवेत प्लाय बाक घेतो. खाडी जवळ असल्यामुळे आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सगळंच ओलसर असतं, तरी टेबल सपाट राहिलं. खालचा लोखंडी अँगल मात्र रेड ऑक्साइड मारूनही कडांना गंजला. रेलवर मेण लावतो, पण सिलिकॉन नसलेलं. सिलिकॉन लाकडाला लागलं की पुढे पॉलिश नीट धरत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो फेन्स समांतर करण्यात, आणि तो द्यायलाच हवा. प्लग काढायचा, ब्लेड पूर्ण वर घ्यायचं, एका दातावर मार्करने खूण करायची. तो दात पुढे असताना मायटर स्लॉटपासूनचं (टेबलातली ब्लेडला समांतर खोबण) अंतर मोजायचं, मग ब्लेड हाताने फिरवून तोच दात मागे आणून पुन्हा मोजायचं. आकडे जुळले की ब्लेड सरळ. मग त्याच स्लॉटवरून फेन्स तपासायची, तीही जवळ एकदा आणि रेलच्या टोकाला एकदा, कारण टोकाला तिची मागची बाजू भरकटते. मागे केसभर उघडी चालेल, मिटलेली अजिबात नाही. तुकडा फेन्स आणि वर येणाऱ्या मागच्या दातांमध्ये अडकला की उचलून थेट अंगावर येतो. 4,800 आरपीएमला 10 इंची ब्लेडच्या दाताचा वेग सेकंदाला 60 मीटरच्या वर जातो. म्हणूनच रायव्हिंग नाइफ, म्हणजे ब्लेडच्या मागे कापाची फट उघडी ठेवणारं पातं, कायम लावलेलाच असतो.

पण माझं ठाम मत असं, की रेलने फक्त रुंदी वाढली; काप सुधारला तो ब्लेडच्या मागे, बाहेर येणारा प्लाय पेलणाऱ्या आधाराच्या टेबलामुळे. ते बिजागरीवर बसवलंय, मशीनपेक्षा 1-2 मिमी खाली, म्हणजे प्लायची कड अडत नाही. रोलर स्टँडही वापरून पाहिला. तो जरा तिरका बसला तरी प्लाय फेन्सपासून बाजूला ओढतो, त्यामुळे बाद.

8 बाय 4 ची 18 मिमी वॉटरप्रूफ शीट 30 किलोच्या पुढे जाते. ती मी अख्खी सॉवर चढवत नाही. जमिनीवर थर्मोकोल अंथरून आधी हातातल्या कटरने दोन भाग करतो. मग 4 फुटांची कड फेन्सला टेकवून 720 चा काप, आणि त्या पट्टीतून 560 च्या बाजू. उलट क्रमाने केलं तर 720 च्या कापाला फेन्सवर आखूड कड येते आणि तुकडा फिरतो.

सगळ्यात स्वस्तात मिळालेला फायदा झिरो-क्लिअरन्स इन्सर्टचा, म्हणजे ब्लेडभोवतीच्या खाचेत बसणाऱ्या, ब्लेडलगत फट न ठेवणाऱ्या झाकणाचा. खाचेच्या जाडीचं ॲक्रिलिक कापून बसवलं, वरून घट्ट दाबून धरलेल्या पट्टीखाली चालू ब्लेड हळूहळू वर काढलं. 80 दाती ब्लेडसोबत सनमाइकाचं खालच्या बाजूचं चिपिंग (कडेचे टवके उडणं) जवळपास थांबलं. बजेट तुटपुंजं असेल तर आधी हा इन्सर्ट आणि मागचं टेबल करा, रेल नंतर.

तक्रार एकच, जागेची. पडवीत आता स्कूटर मावत नाही आणि मशीन उचलून कुठे नेता येत नाही. साइटवर काम करणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

रेलवर नवी मोजपट्टी चिकटवली आहे, पण वेगळ्या जाडीचं ब्लेड लावलं की शून्य सरकतो. ब्लेड बदलल्यावर पहिला तुकडा टेपने मोजूनच पुढचे कापा.