वेखंड, कापूर की हवाबंद पिंप? पावसाळाभर वापरल्यानंतर

उन्हाळ्यात भरलेला गहू, हरभरा आणि अख्खी तूर बोरिक पावडर किंवा विषारी गोळ्या न टाकता दिवाळीपर्यंत टिकवायची म्हणून हे तिन्ही उपाय वापरले. निकाल आधीच सांगतो: वासापेक्षा झाकण महत्त्वाचं.

वेखंडाचं काम खरं आहे, पण संथ. त्यातल्या बीटा-असॅरोनच्या वाफेमुळे मादी भुंग्याची अंडी घालण्याची क्षमता घटते. दाण्याच्या आत शिरलेली अळी मात्र मजेत वाढत राहते. कडधान्यात भुंग्याची अंडी बहुतेक वेळा शेतातूनच दाण्यांवर येतात, त्यामुळे महिन्याभरात पहिली पिढी बाहेर पडतेच. ते पाहून वेखंड फुकट गेलं असं समजू नका, दुसरी पिढी किती येते ते बघा. २५ किलोच्या कोठीत ठेचलेल्या वेखंडाच्या ५०-५० ग्रॅमच्या दोन पुरचुंड्या, एक मध्यावर, एक वर. दोन-तीन महिन्यांनी वास उतरला की बदलायच्या. पूड खाण्याच्या धान्यात अजिबात मिसळू नये. अमेरिकेत १९६८ पासून वेखंड अन्नात घालायला बंदी आहे, ती याच बीटा-असॅरोनमुळे. बियाण्याला पूड चालते.

कापूर खाण्याच्या धान्यासाठी बाद. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर ठेवला की खाली उतरते, हे ठीक. पण वास पिठात उतरतो आणि पोळीलाही येतो.

सगळ्यात भरवशाचं ठरलं ते रबरी वायसरचं, पट्टा आवळून बंद होणारं पिंप. इथे वायू बाहेरून सोडावा लागत नाही. किडे आणि दाणे श्वास घेतात, प्राणवायू घटतो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि काही आठवड्यांत कीड गुदमरते. म्हणून पिंप गळ्यापर्यंत भरायचं. अर्धं रिकामं ठेवलं तर हवा उरते आणि कीडही. रोजच्या वापराचं धान्य वेगळ्या डब्यात काढा, कारण दर उघडण्याला ताजी हवा आत जाते. आत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचा उपाय सांगतात, पण प्राणवायू साधारण १६ टक्क्यांवर आला की ज्योत विझते आणि कीड मरायला तो दोन-तीन टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. साध्या पॉलिथिनच्या पिशवीवर विसंबू नका. तिच्यातून हवा झिरपते आणि काही भुंगेरे ती पोखरतात.

हवाबंद पिंपात ओलं धान्य मात्र कुजतं. गव्हात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, कडधान्यात ९-१० बरा. कोरडं मीठ आणि मूठभर धान्य काचेच्या बाटलीत हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, पुन्हा ऊन दाखवा. नाही चिकटलं तरी दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. उन्हातलं धान्य रात्रभर निवू द्या, चाळा, मगच भरा. गरम भरलं तर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरच्या थराला बुरशी येते.

पाचपैकी गुण: पिंप साडेचार, वेखंड तीन, कापूर एक. पुढच्या हंगामात तूर पिंपात ठेवणार आणि रोजच्या डब्यात वेखंडाची छोटी पुरचुंडी.