मांजराची बोली सांगणारे ॲप: चार महिन्यांच्या वापरानंतर

मांजराच्या आवाजाचा अर्थ मोबाइलवर सांगणारे एक ॲप मी आमच्या तेरा वर्षांच्या मनीसाठी चार महिने वापरले. वापरायला ते सोपे आहे. आवाज टिपला की क्षणभरात पडद्यावर ‘मला भूक लागली आहे’ किंवा ‘मला एकटीला राहू द्या’ असे वाक्य उमटते. सुरुवातीचे काही दिवस मोफत आणि पुढे मासिक वर्गणी. भुकेची आणि दारापाशी घातलेली हाक ते बहुधा बरोबर ओळखते. पण ती मलाही ओळखता येत होती.

जूनमध्ये मनीने खाणे सोडले आणि ती पलंगाखाली जाऊन बसली. तिची घुरघुर टिपल्यावर पडद्यावर ‘मी आनंदात आहे’ असे आले, आणि त्या वाक्यावर विसंबून मी दोन दिवस घालवले. मांजर दुखण्यातही घुरघुरते, हे मला पशुवैद्यांनी तिच्या मूत्रपिंडाचा विकार सांगितला तेव्हा कळले. त्या दोन दिवसांचे मला फार वाईट वाटते.

मोठी मांजरे एकमेकांशी क्वचितच ‘म्याँव’ करतात. पिल्लांनी आईला घालायची ती साद पुढे मुख्यतः माणसासाठी उरते. म्हणजे ही बोली मनी आणि मी मिळून, एकाच घरात राहून घडवलेली आहे, आणि सगळ्या मांजरांना मिळून एकच शब्दकोश लावणारे ॲप नेमके तेच विसरते.

पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथा आपण सारे सांगतो. त्याच कथेत रेड्यावर ओढलेल्या आसुडाचे वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटतात, आणि मला तो भाग वेदपठणाहून मोठा वाटतो, कारण तिथे रेड्याला आपले दुःख सिद्ध करण्यासाठी माणसाच्या भाषेत एक अक्षरही उच्चारावे लागत नाही. प्राणी बोलू शकतात का, यापेक्षा त्यांना दुःख होते का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, असे इंग्लंडमध्ये तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांनी १७८९ मध्ये मांडले. हे ॲप मात्र पहिल्याच प्रश्नाशी थांबते आणि प्राण्याला माणसाचे वाक्य देऊन समाधान मानते.

घरात नव्याने मांजर आलेल्यांनी कुतूहल म्हणून ते जरूर वापरावे. म्हाताऱ्या किंवा आजारी जनावरासाठी त्यावर मुळीच विसंबू नये. मी वर्गणी बंद केली आहे. मनी दिवसभरात किती पाणी प्याली आणि किती खाल्ले, हे आता रोज रात्री वहीत लिहितो.