ईएससीचा पिवळा दिवा आणि ४८ हजारांचं एस्टिमेट: वर्षभरानंतरचा अनुभव

पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे डॅशबोर्डवर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारं), ईएससी (गाडी घसरताना सावरणारं) आणि हिल होल्ड (चढावर गाडी मागे जाऊ न देणारं) असे तिन्ही दिवे एकदम लागले. गाडी नीट चालत होती, साधे ब्रेकही लागत होते. सोलापुरात आल्यावर सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, अर्धा दिवस बसवून ठेवलं आणि कागद हातात दिला: एबीएस मॉड्यूल, म्हणजे हा कारभार चालवणारा भागच, बदलावा लागेल, ४८ हजार. वॉरंटीत का नाही? तर म्हणे वायरिंगला बाहेरून इजा झालीय. अहो, इजा वायरिंगला आणि बदलायचं मॉड्यूल? यावर उत्तर एकच, "सर, सिस्टिम तसं दाखवते."

गाडी तशीच अक्कलकोट रोडच्या मेकॅनिक चाचांकडे नेली. त्यांनी स्कॅनरवरच्या बिघाडाच्या कोडकडे बघितलंच नाही. मला हळू चालवायला सांगितलं आणि स्वतः शेजारी बसून स्कॅनरवर चारही चाकांच्या वेगाचे आकडे बघत राहिले. तीन चाकं १८ दाखवत होती, मागचं डावं शून्य. चाक काढलं तर सेन्सरची वायर उंदरानं कुरतडलेली, आतल्या तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या. "वायर तुटली आन् हे मॉड्यूल बदलायलेत," एवढंच बोलले. नवीन सेन्सर आणि मजुरी मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं.

दिवे तीन म्हणजे बिघाड तीन, असं इथं नसतं. चाकाच्या बेअरिंगपाशी बसलेले, चाकाचा वेग मोजणारे हे चार सेन्सर म्हणजे या सगळ्या सिस्टिमचे सामाईक डोळे. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक लॉक व्हायला लागलं की एबीएस त्याचा दाब सोडतं-धरतं. तेच चाक जागेवर गरगर फिरायला लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल त्याला ब्रेक लावतं किंवा इंजिनची ताकद कमी करतं. ईएससीला शिवाय स्टिअरिंग किती वळवलंय ते सांगणारा सेन्सर आणि गाडी स्वतःभोवती किती फिरतेय ते सांगणारा सेन्सर लागतो. तुम्हाला जायचंय कुठं आणि गाडी चाललीय कुठं, हे ते सतत ताडून बघतं. ही सिस्टिम बनवणाऱ्या बॉश कंपनीच्या सांगण्याप्रमाणे सेकंदाला २५ वेळा. एक डोळा गेला की हे तिघंही, आणि त्यांच्या जोडीचं हिल होल्डही, सुट्टीवर जातात, उरतात ते साधे ब्रेक.

आता माझं मत कसं बदललं ते. पहिले काही महिने मी ट्रॅक्शन कंट्रोलला शिव्याच घालत होतो. मंगळवेढ्याला भाऊजींच्या शेताकडे पाऊस पडला की काळी माती चाकाला लाडवासारखी चिकटते. तिथं चाक थोडं फिरून चिखल फेकायला हवं, तर ही सिस्टिम नेमकी तेव्हाच ताकद काढून घेते. भाऊजी म्हणाले, "दाजी, तुमच्या गाडीला भाकरी घाला जरा." बटण दाबून बंद केलं तेव्हा गाडी निघाली. यासाठी वरच्या मॉडेलला जास्तीचे पैसे मोजले, हे तेव्हा फार टोचत होतं.

मग तुळजापूर रोडला, पहिल्या पावसात, संध्याकाळी, रिफ्लेक्टर नसलेली उसाची रिकामी ट्रॉली समोर आली. ब्रेकवर उभा राहिलो आणि उजवीकडे काढली. पायाखाली पेडल थडथडत होतं, ते एबीएस. खरा खेळ परत डावीकडे घेताना झाला. मागची बाजू उजवीकडे सुटली, आता फिरणार असं वाटलं, तेवढ्यात पुढून कुणीतरी कान धरल्यासारखी गाडी सरळ झाली. अशा वेळी ईएससी वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं एकच चाक आवळतं, म्हणजे इथं उजवं. ड्रायव्हर कितीही पट्टीचा असला तरी त्याच्याकडे पेडल एकच, चाकागणिक ब्रेक लावणं त्याच्या हातात नाही. त्या दिवशी पैसे वसूल.

पण त्या क्षणी डॅशबोर्डवर काय लुकलुकत होतं? तोच पिवळा दिवा! लुकलुकला तर "मी काम करतोय", सलग पेटला तर "मी बंद पडलोय". एकच चित्र, उलटे अर्थ. एवढ्या मोठ्या स्क्रीनवर गाण्याचं नाव मराठीत येतं, पण "मागच्या डाव्या चाकाचा सेन्सर बोलत नाही" हे एक वाक्य येत नाही. ते आलं असतं तर ४८ हजारांचा कागद कुणाची दाखवायची हिंमत झाली नसती. गाडीच्या रेटिंगमधला स्टार कापायचा तर मी इथंच कापतो, मायलेजवर नाही.

जादू मात्र समजू नका. मुरमाच्या कच्च्या रस्त्यावर एबीएसमुळे गाडी थांबायला उलट जास्त अंतर लागू शकतं, आणि गुळगुळीत झालेल्या टायरवर ईएससीचंही काही चालत नाही. टायरवाला मला दोन चाकांना वेगळ्या मापाचे स्वस्त टायर बसवून देत होता. नको म्हटलं. चाकांचे वेग जुळले नाहीत की सिस्टिम गोंधळते.

मर्सिडीजनं ईएसपी (ईएससीचंच दुसरं नाव) आणलं १९९५ साली, महागड्या गाडीत. १९९७ साली स्वीडनमधल्या चाचणीत त्यांची छोटी ए-क्लास उलटली, तेव्हा कुठं ते छोट्या गाडीत सरसकट द्यावं लागलं. आपल्याकडे अजून काही गाड्यांत ते वरच्या मॉडेलला चिकटवून विकलं जातं. बजेट अडत असेल तर सनरूफ सोडा. मे महिन्यात सोलापुरात ते उघडून करणार काय?