फोर्ड 8N ट्रॅक्टरचा कार्बोरेटर ओव्हर होतोय: नवा बसवावा की जुनाच खोलावा?

गावाकडे साताऱ्यात सांगितलं की माझ्याकडे पेट्रोलवरचा ट्रॅक्टर आहे, तर आधी हसतात आणि मग विचारतात की परवडतो कसा. तर इथे ओहायोत माझी चार एकर जागा आहे, काम काय तर गवत कापायचं आणि हिवाळ्यात बर्फ ढकलायचा, तेवढ्याला परवडतो. फोर्ड 8N आहे, 1947 ते 52 या काळात निघालेला, आणि अमेरिकेतल्या गावांमधे अजून ढिगाने चालू आहेत. इथले लोक पेट्रोलला गॅस म्हणतात, मी पेट्रोलच म्हणणार.

आपल्याकडच्या काही जणांनी हल्ली असे जुने 8N घेतलेत आणि सगळ्यांचं रडगाणं एकच, कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतंय, मग नवा मागवू की किट आणून जुना दुरुस्त करू? मी दोन्ही करून बसलोय म्हणून लिहितो.

पण पैसे घालवायच्या आधी एक बघा. हा कार्बोरेटर मॅनिफोल्डच्या (इंजिनाला हवा-पेट्रोल पोचवणाऱ्या नळीच्या) खाली लटकतो आणि हवा-पेट्रोल खालून वर ओढतो, त्यामुळे जास्तीचं पेट्रोल इंजिनात न जाता खालच्या भोकातून टपकतं, ते भोक मुद्दामच ठेवलंय. थंडीत चोक ओढून सेल्फ मारत बसलात आणि चार थेंब पडले तर तो बिघाड नाही, चोक कमी ओढा. खरी परीक्षा म्हणजे ट्रॅक्टर बंद, पेट्रोलचा कॉक चालू, कुणी हात लावलेला नाही, आणि अर्ध्या तासाने खाली थेंब. तसं असेल तर नीडल (पेट्रोलची वाट बंद करणारी सुई) बसत नाहीये किंवा फ्लोट (कार्बोरेटरच्या वाटीत तरंगून नीडल वर ढकलणारा पोकळ डबा) उचलत नाहीये. टाकी इंजिनाच्या डोक्यावर, पंपबिंप काही नाही, म्हणजे नीडल उघडी राहिली तर टाकी रिकामी होईपर्यंत गळणार. एअर क्लिनरच्या तळाची तेलाची वाटी पण काढून वास घ्या, माझ्या वाटीत तेलाबरोबर पेट्रोल निघालं होतं. आणि हे सगळं पेट्रोल ज्या शेडमधे सांडतं तिथे वेल्डिंग-ग्राइंडर चालवू नका, एवढं तरी ऐका.

आता मुद्दा. मी पहिल्यांदा नवाच मागवला, कारण आळस. जुन्याची हुबेहूब नक्कल, मूळ मार्वल-शेबलर कंपनीच्या रिबिल्ट पीसच्या निम्म्याहून कमी किमतीत, घरपोच. दोन बोल्ट, चोक आणि गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा) यांच्या दोन काड्या, पेट्रोलची नळी, तासाभरात बसला सुद्धा. आणि खोटं कशाला बोलू, ट्रॅक्टर पहिल्या सेल्फला चालू झाला. थ्रॉटलचा (हवा-पेट्रोलची झडप फिरवणारा) दांडा नवा असल्यामुळे घट्ट, बाजूने हवा ओढत नाही, त्यामुळे आयडलला, म्हणजे रेस न देता, इंजिन असं शांत चाललं की बायको बाहेर येऊन म्हणाली, आज आवाज वेगळा येतोय. जुन्याचा दांडा सत्तर वर्षांत झिजून खुळखुळा झालेला, त्याला बुश बसवायचं तर टर्नरकडे जावं लागतं. या बाबतीत नवा सरस, वादच नाही.

मग पुढच्या शनिवारी शेडमधे गेलो, कॉक उघडला, टप टप टप. पाना उलटा धरून कार्बोरेटरच्या वाटीवर दोनदा ठोकला, थांबलं. छान चाललं दिवसभर. त्याच्या पुढच्या शनिवारी परत तेच. म्हणजे आठवडाभर उभा राहिला की फ्लोट खालीच अडकायचा आणि ठोकल्याशिवाय वर यायचा नाही. ठोकणं हा काही मोठा त्रास नाही म्हणाल, पण दर वेळी वाकायचं, हात पेट्रोलमधे, मग त्या हाताचा वास दिवसभर, चहाच्या कपाला सुद्धा, आणि एकदा विसरलो तर सिमेंटवर हा एवढा मोठा डाग. खोलून बघितलं तर फ्लोट एका बाजूला वाटीच्या भिंतीला घासत होता, बिजागरीची पिनच किंचित तिरकी बसवलेली, आणि फ्लोटची उंची (लेव्हल) पण ठरलेली पाव इंच न राहता बरीच खाली. म्हणजे जो कार्बोरेटर खोलायचा नाही म्हणून पैसे दिले तोच खोलून दुरुस्त करायला बसलो. विकणाऱ्याला कळवलं, त्याने दुसरा पाठवतो म्हणून सांगितलं, सभ्य माणूस होता, पण माझं मन उडालं ते उडालंच.

दुसऱ्यांचा नवा नीट चालत असेल, नाही म्हणत नाही. माझा एकच नग, त्यावरून सगळ्यांना नावं ठेवणं बरोबर नाही.

जुना मात्र मी दोन वीकेंड घालून केला. वरचं झाकण काढलं की फ्लोट आणि नीडल त्याच्याच पोटात असतात. आधी फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पाणी हलल्यासारखा आवाज आला तर पेट्रोल शिरलंय. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले की भोक सापडलं. माझा चांगला निघाला. नीडलच्या टोकाला मात्र गोल रिंगण पडलेलं स्पष्ट दिसत होतं, आणि सीटखालचा (नीडल जिच्यात बसते त्या बैठकीखालचा) बारीक वॉशर कुणीतरी आधीच्या दुरुस्तीत खाल्ला होता, म्हणजे नीडल घट्ट बसली तरी सीटच्या बाजूने पेट्रोल जाणारच. किटमधे नीडल, सीट, वॉशर, पॅकिंग सगळं आलं. फ्लोटची लेव्हल झाकण उलटं धरून पॅकिंगच्या पातळीपासून पाव इंच ठेवायची, मी पाव इंचाचा ड्रिल बिट खाली सरकवून बघतो, पट्टीपेक्षा बरं पडतं. कमी-जास्त करायची तर पत्र्याची जीभ वाकवायची, फ्लोट दाबायचा नाही, रबरी टोकाची नीडल असेल तर दबून खराब होते. एक पितळी जेट (बारीक भोकाचा स्क्रू) जाम झालेला, तो क्लिनरमधे रात्रभर भिजवल्यावर सुटला, त्या रात्री मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आणि तिन्ही जाळ्या साफ करा, एक टाकीत, एक सेडिमेंट बाउलमधे (टाकीखालची गाळ साठायची वाटी), एक कार्बोरेटरच्या तोंडाशी एल्बोत (वाकड्या जोडात). टाकीतला गंज नीडलखाली येऊन बसला तर नवा काय नि जुना काय, दोन्ही गळणार. हे न करता नुसता कार्बोरेटर बदलणारे पुष्कळ आहेत, मी पण त्यातलाच होतो.

बसवायच्या आधी मी तो बाकावर व्हाइसमधे सरळ धरला, वर एक डबा टांगून नळीने पेट्रोल दिलं आणि जेवून आलो. खाली पुठ्ठा कोरडा.

हे झालं दोन वर्षांपूर्वी. आयडल अजूनही थोडं वरखाली होतं, तो दांड्याचा खुळखुळाट आहेच, पण बंद ट्रॅक्टरमधून एक थेंब पडलेला नाही. मला गळण्याचा जेवढा राग येतो तेवढा आयडलचा येत नाही, तुमचं उलट असेल तर कदाचित तुम्हाला नवाच आवडेल. बॉडीला चीर असेल, कारण इथल्या थंडीत वाटीत पाणी राहून गोठलं की ओतीव लोखंड फुटतं, किंवा दांडा अगदीच डुलत असेल, तर जुन्यावर वेळ घालवू नका, नवा घ्या, फक्त बसवायच्या आधी झाकण काढून फ्लोट बोटाने हलवून बघा आणि लेव्हल मोजा. बाकी बॉडी धड असेल तर मी तरी आधी किट आणीन.

नवा आता फळीवर स्पेअर म्हणून पडलाय. आणि कॉक मी आता गरज नसताना पण प्रत्येक वेळी बंद करतो, चेतक चालवायचो तेव्हाची सवय.