सहा फुटी फोल्डिंग रॅम्प: व्हीलचेअरवाल्यांसाठी परीक्षण

ॲल्युमिनियमचा, घडी होणारा, सहा फूट लांबीचा रॅम्प मी साडेचौदा हजारांना घेतला. तेव्हापासून तो माझ्याबरोबर पुणेभर फिरतोय. ओळखीतले बरेच व्हीलचेअरवाले त्याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. कंपनीचं नाव देत नाही. असे रॅम्प विकणारे बरेच आहेत, आणि नावापेक्षा मापाकडे बघून घ्यावी अशी ही वस्तू आहे.

सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना कुठेही सहज ये-जा करता यावी यासाठीच्या, निकषांत रॅम्पचा उतार १:१२ धरतात. एक इंच उंची चढायला बारा इंच लांबी. दुकानाची पायरी साधारण सहा इंचांची असते, म्हणून सहा फूट. तीन फुटी रॅम्प स्वस्त मिळतो, उचलायला हलका असतो, पण त्याच पायरीला लावला की चढ दुप्पट होतो. हातांनी चाकं फिरवणाऱ्याच्या खांद्यांना तो झेपत नाही आणि खुर्ची मागे कलंडायची भीती राहते. विक्रेता फोनवर ‘चालून जाईल मॅडम’ म्हणेल. ऐकू नका. दोन पायऱ्यांवर माझा सहा फुटीसुद्धा मी मागून धरणारं खमकं माणूस असल्याशिवाय लावत नाही.

रुंदीचंही तसंच. खुर्चीच्या सीटचं माप सांगून रॅम्प मागवू नका. एका चाकाच्या बाहेरच्या रिंगपासून दुसऱ्या रिंगपर्यंत मोजा. माझी खुर्ची तशी २५ इंच भरते, रॅम्पची आतली जागा २९ इंच आहे. दोन्ही कडांना उभी पट्टी हवीच, नाहीतर पुढचं छोटं चाक घसरून बाहेर जातं. बॅटरीवरची खुर्ची असेल तर तिचं आणि आपलं वजन एकत्र धरून रॅम्प किती भार पेलतो ते पाहा.

घडी केल्यावर तीन फुटी बॅगेसारखा होतो, कडेला मूठ आहे. वजन सोळा किलोच्या आसपास. माझा भाचा तो एका हाताने उचलतो, मला मांडीवर ठेवूनसुद्धा नेता येत नाही. म्हणजे एकटीने बाहेर पडायचं तर हा रॅम्प उपयोगाचा नाही, आणि ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. रिक्षात खुर्ची मागे आणि रॅम्प पायांशी उभा, असं बसतं. पृष्ठभाग खरखरीत आहे, पावसात चाक सरकलं नाही. चिखल मात्र ब्रशने लगेच काढावा लागतो, वाळला की खरखर बुजते. एप्रिलमधल्या दुपारी उन्हात थोडा वेळ राहिला तर हात लावता येत नाही इतका तापतो. बिजागरीवरून जाताना खुर्चीला हिसका बसतो. ज्यांच्या पाठीला तो सोसत नाही त्यांनी एकसंध फळीचा घ्यावा, मग तो रिक्षात मावणार नाही हे धरून चालायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. लक्ष्मी रोडच्या एका कापडदुकानात भाच्याने रॅम्प लावला, मी वर गेले, साडी घेतली. पैसे देताना मालक मनापासून म्हणाले, “बरं झालं ताई, तुमचा तुम्ही घेऊन आलात. म्हणजे आम्हाला करायला नको.” त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. पण त्यांना वाटलं की प्रश्न सुटला, आणि तो फक्त माझ्यापुरता, तेवढ्या अर्ध्या तासापुरता सुटला होता. वॉकर घेऊन येणारे आजोबा, बाबागाडीवाली आई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली गिऱ्हाईक, यांच्याकडे भाचाही नाही आणि रॅम्पही नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, १९ एप्रिल २०१७ पासून लागू. त्याच्या नियमांची अधिसूचना १५ जून २०१७ ची. तिथून दोन वर्षांत सरकारी असो की खासगी, सेवा देणाऱ्यांनी आपली सेवा सुगम करायची होती आणि पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती. लोकांची मोठी ये-जा असलेली खासगी इमारतही या कायद्यात सार्वजनिक इमारत धरली जाते. दोन्ही मुदती केव्हाच उलटल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, त्यातले किमान निकष बंधनकारक हवेत.

हे निकष जमिनीवर उतरवून घ्यायची एक जागा कायद्यातच आहे: राज्य सल्लागार मंडळ. दिव्यांगांचा विभाग ज्या मंत्र्यांकडे, ते अध्यक्ष. दिव्यांगांच्या संस्था-संघटनांच्या वतीने शक्यतो स्वतः दिव्यांग असलेल्या दहा व्यक्ती, त्यातल्या किमान पाच महिला. सहा महिन्यांतून एकदा तरी बैठक घ्यावी असं कलम आहे. दिव्यांगांचे प्रश्न संबंधित यंत्रणांपुढे लावून धरणं हे मंडळाचं काम म्हणून लिहून ठेवलंय. आमच्या संस्थेत निवेदनांचे मसुदे माझ्याकडे असतात, आणि मंडळापुढे जाणाऱ्या मुद्द्यांसाठी हा रॅम्प मला फार उपयोगी पडला. कसा, ते सांगते.

इमारतींच्या पाहणीत ‘रॅम्प आहे का?’ एवढाच रकाना असला की उत्तर ‘होय’ येतं. एका सभागृहात असाच ‘होय’ होता. आम्ही माझा रॅम्प त्यांच्या रॅम्पशेजारी, त्याच ओट्याला लावला. ओटा सहा इंच. माझा सहा फूट, त्यांचा जेमतेम अडीच. दोन्ही एका फोटोत आले आणि त्याखाली मापं लिहिली. त्यानंतर काही समजावून सांगावं लागलं नाही. इंजिनिअर साहेबांनी स्वतःच विचारलं, “मग आम्हाला किती लांब घ्यावा लागेल?” मी वर्षानुवर्षं अर्जात ‘तीव्र उतार’ लिहिणाऱ्यांतली; त्या शब्दांनी कुणी हललेलं पाहिलं नव्हतं.

म्हणून आमच्या मसुद्यात आता रकाने बदला अशी मागणी आहे. उंची किती, लांबी किती, रुंदी किती, कठडा आहे का, वर दारापुढे खुर्ची वळायला दीड मीटर जागा आहे का. आणि मोजताना चाकांवरचं एक माणूस तिथे हजर असावं. नवीन इमारतीला सुगम्यतेचे नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखला देऊ नये असं कलम ४४ सांगतं. तर दाखल्याच्या फाईलमध्येही हीच मापं असावीत. नकाशा टेबलावर असतानाच हे बघितलं तर खर्च किरकोळ असतो. सात-सात इंचांच्या तीन पायऱ्या एकदा बांधून झाल्या की त्यांना एकवीस फुटांचा रॅम्प लागतो, आणि पेठेतल्या दुकानापुढे तेवढी जागा नसते. मेट्रोत गरवारे कॉलेजला मी लिफ्टने वर जाते, फलाटावरून थेट डब्यात शिरते, रॅम्पची बॅग घरी असते आणि भाचा त्याच्या क्लासला. आधीपासून विचार केला की असं होतं.

रॅम्प घ्यावा का? घ्या. नातेवाइकांकडचं लग्न, डॉक्टरांचा दवाखाना, बँक, हे उद्यावर टाकता येत नाही आणि कायदा पाळला जाईपर्यंत घरात बसणं मला मान्य नाही. सहा फुटांपेक्षा छोटा घेऊ नका. त्या बॅगेत एक मोजपट्टी कायमची ठेवा. रॅम्प लावला की पायरीची उंची मोजा, फोटो काढा, दुकानदाराला किती लांबी लागेल ते आकड्यात सांगा. एका मिठाईवाल्यांनी आमच्याकडून मापं घेऊन सिमेंटचा पक्का रॅम्प करून घेतला, कठड्यासकट. सार्वजनिक इमारत असेल आणि कुणी ऐकत नसेल तर तीच मापं लावून राज्य दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज करा, त्यांचं आयुक्तालय पुण्यातच आहे. आयुक्तांनी त्यावर शिफारस केली तर संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. अर्जाची एक प्रत आपल्या भागातल्या संस्थेला द्या, म्हणजे मंडळाच्या पुढच्या बैठकीसाठी टिपण करताना ती हाताशी असेल.