गणिताची पेटी: तीन तारे, एक मणी कमी

छापील किंमत २,९९९ रुपये, वर पन्नास टक्के सवलत, घेतली १,४९९ ला. म्हणजे आठ आणे कंपनीने सोडले, हे आधी नोंदवतो. मी एस.टी.त ३१ वर्षं कंडक्टर होतो. अर्ध्या तिकिटाचा हिशेब चुकला तर मला झोपेतही कळतं.

पेटी सूनबाईंनी मागवली, आमच्या मनूसाठी. मनू तिसरीत आहे, मराठी शाळेत. पाढे घडाघडा म्हणते. पण ‘पंचवीस लिही’ म्हटलं की पाचातून एकदा ५२ लिहिते, आणि हातच्याची वजाबाकी आली की तिला हमखास तहान लागते. दिवाळीच्या सुट्टीत पेटी आली, आता शिमगा तोंडावर आलाय. एवढे दिवस आम्ही दोघं रोज संध्याकाळी ती घेऊन बसतोय, त्यामुळे हा खोका उघडून पाच मिनिटांत लिहिलेला अभिप्राय नाही. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सूनबाईंनी मोबाइलवर आणखी चार पेट्या दाखवल्या. झाकणावरचं चित्र वेगळं, आतला माल जवळपास तोच. तेव्हा कुठलीही घ्यायला निघाला असाल तरी हे वाचा.

आत काय आहे: शंभर मण्यांची माळ, दशक-एककाचे प्लास्टिकचे ठोकळे, खुंट्यांची पाटी आणि रबरबँड, पुठ्ठ्याचं घड्याळ, खोट्या नोटा, शून्य ते नऊ अंकांचे पत्ते, टॅनग्रामचे, म्हणजे जुळवून चित्रं करायचे, सात तुकडे आणि काय-काय खेळायचं ते सांगणारी ४० कार्डं. कार्डं सगळी इंग्रजीत. पेटीवर मात्र ‘भारतीय मुलांसाठी’ असं ठसठशीत लिहिलंय. सूनबाईंनी पहिल्या दिवशी सात कार्डं मराठीत सांगितली, मग त्यांना कामावर जायचं होतं. उरलेली ३३ आमच्या अकलेवर.

पैसे वसूल कशाने झाले असतील तर त्या माळेने. दहा मणी लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर. दाराच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत ती बांधली आणि कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले. मी आकडा सांगायचा, मनूने तिथे चिमटा लावायचा. पंचवीस म्हटलं की कानाला आधी पाच ऐकू येतं. पण माळेवर हात आधी दोन रंग ओलांडून वीसवर जातो आणि मग पाच मोजतो. आठवडाभर चिमटे लावले आणि मग पाटीवर लिहायला सांगितलं. ५२ गेलं. कायमचं गेलं असं म्हणणार नाही, घाईत अजून एखाद्या वेळी येतं, पण आता ती स्वतःच माळेकडे बघते आणि पुसते.

इथे एक कबुली द्यायची आहे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचायची पद्धत आली, तेव्हा आम्ही निवृत्त मंडळी कट्ट्यावर पोट धरून हसलो होतो. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या. जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो, असं त्या जीव तोडून सांगत होत्या. मला तेव्हा वाटलं, आम्ही नाही का शिकलो? आता नातीचा हात माळेवर बघितला आणि त्या बाईंचं म्हणणं काय होतं ते उमगलं. एकवीस-बावीस सोडून द्या असं मी अजूनही म्हणणार नाही. पण हसायला नको होतं.

मराठी आकड्यांची दुसरी गंमत म्हणजे ‘एकोण’. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे असे पुढच्या दशकाचं नाव लावून एक पाऊल मागे उभे राहतात; नव्व्याण्णव तेवढा शिस्त मोडतो. पेटीतल्या कार्डांवर याबद्दल अक्षर नाही, कसं असणार, इंग्रजीत ती भानगडच नाही. आम्ही मात्र खेळ केला. मी ‘एकोणसाठ’ म्हणायचं, मनूने साठावर जाऊन एक मणी मागे यायचं.

त्यातच घोटाळा सापडला. मी म्हटलं एकोणसत्तर. मनू सातव्या दहाच्या टोकाला गेली आणि एक मणी मागे आली. तिची आजी भाजी निवडता-निवडता म्हणाली, ‘साठ नि नऊ’, आणि उठून पुढून मोजत गेली. ती पोचली थेट टोकाच्या मण्यावर. दोघींचे चिमटे एकमेकांना खेटून, पण वेगळ्या मण्यांवर. पाच मिनिटं भांडण. शेवटी तो रंग एक-एक मणी करून मोजला: नऊ! सातव्या दहात नऊच मणी. शंभराची माळ ९९ ची निघाली.

माझ्या तोंडून एस.टी.तल्या गोष्टी ऐकून मनूला एक शब्द पक्का माहीत आहे. फेरीची रोकड कमी भरली की ती तूट, आणि ती कंडक्टरच्या खिशातून. तिने विचारलं, ‘आबा, यांची तूट कोण भरणार?’

सूनबाईंनी कंपनीला कळवलं. त्यांनी फोटो मागितला, फोटो पाठवला. मग तिसऱ्या दिवशी पुढच्या खरेदीवर दहा टक्क्यांचं कूपन आलं. मणी नाही आला. तेव्हा आजीच्या तुटलेल्या गळ्यातल्यातला एक हिरवा मणी काढला, गाठ सोडून ओवला. आता हिरवा म्हणजे सत्तर, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. खरं सांगायचं तर त्या एका चुकीने मनूला जेवढं शिकवलं तेवढं चाळीस कार्डांनी शिकवलं नाही. पण म्हणून कंपनीला मार्क देणार नाही.

दशक-एककाचे ठोकळे चांगले आहेत, कडा गुळगुळीत, दहा सुटे जोडले की बरोबर एका दांड्याएवढे होतात. हे तपासून घ्या, कारण स्वस्तातल्या ठोकळ्यांत ते जुळत नाहीत आणि मग सगळा हेतूच गेला. हातच्याची वजाबाकी यांच्यावरच सुटली. ५३ मधून २८ काढायचे तर तीन सुट्यांतून आठ निघत नाहीत. एक दांडा मोडायला द्यायचा आणि दहा सुटे घ्यायचे. मी त्याला ‘सुट्टे करणं’ म्हणतो. उभा जन्म ‘सुट्टे द्या’ म्हणण्यात गेला, निदान नातीच्या कामी आला.

घड्याळ मात्र निव्वळ टाकाऊ आहे. दोन्ही काटे वेगवेगळे फिरतात. साडेतीन दाखवताना मोठा काटा सहावर नेला तरी छोटा तिनावरच ठाण मांडून बसतो. यावर शिकलेलं मूल खऱ्या घड्याळासमोर गडबडणारच. माळ्यावरून जुनं गजराचं घड्याळ काढलं, मागची किल्ली फिरवायला दिली. दोन काटे एकमेकांशी बांधलेले आहेत हे तिने स्वतःच बघितलं.

नोटाही तशाच. त्यात दोन हजाराची गुलाबी नोट अजून आहे, जी रिझर्व्ह बँकेने मे २०२३ मध्ये चलनातून काढून घेण्याचं जाहीर केलं. आणि एक-दोन रुपये नाहीतच, दहापासून सुरुवात. मोडीशिवाय कसला व्यवहार? त्या नोटा बाजूला ठेवल्या आणि आम्ही एस.टी. काढली.

ज्यांनी हातातल्या मशीनच्या आधीचे दिवस पाहिलेत त्यांना आठवेल, कंडक्टरकडे पत्र्याचा ट्रे असायचा, वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे आणि पंच. भाडं जेवढं, तेवढी बेरीज होईल अशी तिकिटं फाडायची. पुठ्ठ्याच्या जुन्या लग्नपत्रिका कापून मी १, २, ५, १० आणि २० रुपयांची तिकिटं केली, प्रत्येक गठ्ठ्यावर क्रमाने नंबर घातले. बाहेरची खोली नाशिकरोड, स्वयंपाकघर सिन्नर, गॅलरी संगमनेर. एस.टी.चा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो, त्यामुळे सहाचा पाढा आपोआप आला. घरचं भाडं टप्प्याला ७ रुपये ठरवलं. अट एकच: कमीत कमी तिकिटं फाडून भाडं भरायचं. तीन टप्प्यांचे २१, म्हणजे वीस आणि एक. सुरुवातीला मनू १०, ५, ५, १ फाडायची. ‘कागद फुकट येतो का?’ असं विचारलं की सुधारायची.

मग सवलती आल्या. बारा वर्षांपर्यंत मुलांना अर्धं तिकीट. बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं. मी ६८ वर्षांचा, ज्येष्ठ नागरिक, मलाही अर्धं. आमच्या घरात पूर्ण तिकीट तेवढं मनूच्या बापाला. २१ चं अर्धं किती? मनूने दहा रुपयांचं एक तिकीट काढलं आणि एक रुपयाचं कात्रीने मधोमध कापलं. साडेदहा. अपूर्णांकाच्या धड्याचं नाव न काढता साडेदहा आले. दुसऱ्या दिवशी तिने शंका काढली: ‘आबा, मी लहान पण आहे आणि मुलगी पण आहे. मग मला पाव तिकीट का नाही?’ एवढ्या वर्षांत एकाही प्रवाशाने मला हा प्रश्न विचारला नव्हता. महामंडळ देत नाही, पण आम्ही दिलं. अर्ध्याचं अर्धं करून सव्वापाच. पाव, सव्वा, दीड, अडीच हे शब्द आपल्या भाषेत आयते आहेत, मुलांच्या जिभेवर असले तर अपूर्णांक परका वाटत नाही. आमच्या वेळी पावकी-निमकी, म्हणजे पावाचे-अर्ध्याचे पाढे, घोकून घ्यायचे, तेवढं नको, पण शब्द तरी राहू द्या.

फेरी संपली की वेबिल, म्हणजे विकलेल्या तिकिटांचा हिशेब. गठ्ठ्याचा सुरुवातीचा नंबर, आताचा नंबर, वजाबाकी, म्हणजे विकलेली तिकिटं. ११२ ला सुरुवात, आता वर ११९. मनू बोटांवर मोजून म्हणाली आठ. वजाबाकी म्हणते सात. रोकडही सातांचीच. बराच वेळ ती गठ्ठ्याकडे बघत बसली, मग वरच्या तिकिटावर बोट ठेवलं: ‘हे अजून फाडलंच नाही!’ नव्याने भरती झालेली मोठी पोरं या एका नंबरावर अडलेली मी पाहिली आहेत.

खुंट्यांच्या पाटीबद्दल थोडं. पाच बाय पाच, २५ खुंट्या. महिन्यात दोन मोडल्या, रबरबँड थंडीतच चिरले. सुताराकडून फळीचा तुकडा आणून २५ खिळे ठोकले तर शंभर रुपयांच्या आत याहून टिकाऊ पाटी होते. पण खेळ म्हणून ही वस्तू फार सरस. कार्ड विचारतं, यावर किती मापांचे चौरस होतात? मागे उत्तर छापलंय: चार. मनूने चार केले, आणि मग रबरबँड तिरका ओढला. एका खुंटीच्या चार बाजूंच्या चार खुंट्यांना. ‘हापण चौरसच आहे ना?’ आहे की. आत चार अर्धे-अर्धे तुकडे, म्हणजे दोन चौकोनांएवढी जागा. मग आम्ही तिरके शोधत गेलो. सगळे मिळून आठ मापं होतात, चार सरळ आणि चार तिरकी. छापलेलं उत्तर निम्मं. इथेही पन्नास टक्के सवलत!

टॅनग्राम ठीक. मनूने मांजर केलं, बदक केलं, आता कपाटात आहे.

घ्यावी का? सुटी मिळत असेल तर माळ घ्या आणि दशक-एककाचे ठोकळे घ्या, बाकी घरात होतं. अख्खी पेटीच घ्यायची तर मणी मोजून घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत. आणि घरात रोज अर्धा तास बसणारं कुणी नसेल तर पैसे वाचवा. ही वस्तू मुलाच्या हातात देऊन आपण टीव्ही लावायचा, अशातली नाही. माळेला आणि ठोकळ्यांना एक-एक तारा. तिसरा अंकांच्या पत्त्यांना, पण तो खरं तर कापरेकर गुरुजींचा आहे.

आमच्या इथून जवळच, देवळालीला, द. रा. कापरेकर शाळामास्तर होते, १९६२ पर्यंत. चार अंकांच्या वजाबाकीच्या खेळात शेवटी येणाऱ्या ६१७४ मुळे त्यांचं नाव जगभर गेलं. तिसरीच्या पोरांना तीन अंकांचा धाकटा भाऊ पुरतो. तीन पत्ते काढायचे, तिन्ही सारखे नकोत. मोठ्यात मोठी संख्या करायची, लहानात लहान करायची, वजा करायची. आलेल्या अंकांचं पुन्हा तेच. ३, ५, २ घेतले: ५३२ वजा २३५, २९७. मग ९७२ वजा २७९, ६९३. ९६३ वजा ३६९, ५९४. ९५४ वजा ४५९, ४९५. आणि ४९५ चं पुन्हा ४९५ च. मध्ये ९९ आलं तर ०९९ लिहायचं, शून्याला हाकलायचं नाही. हातच्याच्या वजाबाकीला जिला तहान लागायची ती आता एका बैठकीत दहा-बारा करते, कुठला तरी आकडा ४९५ ला चकवून निसटेल या आशेवर. वहीत १०० पासून क्रमाने लागलीय. काल रात्री १८७ वर होती.